तुमचं पत्र मला आधी वाचताच आलं नाही

पत्र असं आहे:

"सर, खानापुरात स्टँडजवळ माझं झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. तीन काँप्युटर आहेत. एक फोर्थ जनरेशनचा आय-थ्री, चार जीबी रॅमचा. दुसरा सिक्स्थ जनरेशनचा आय-फाइव्ह, आठ जीबीचा. तिसरा लॅपटॉप, २०२१ साली नवा घेतलेला. तिन्हींवर विंडोज १० आहे. लॅपटॉपमधलं कंपनीकडूनच आलेलं, बाकी दोन्हींत काँप्युटरवाल्यानं घालून दिलेलं. आता ते बंद झालं म्हणतात. काँप्युटरवाला म्हणतो, दोन्ही भंगारात घाला, नवीन घ्या. पुतण्या बेळगावात इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो, काका, लिनक्स घाला, एक रुपया खर्च नाही. बायको दुकानात मराठी-कन्नड टायपिंग करते. ती म्हणते, ह्या वयात मला परत शिकायला लावू नका. सर, फुकटचं खरंच पौष्टिक असतं का? काय करू?
– एक दुकानदार, खानापूर"

दुकानदार भाऊ,

हे पत्र वर सरळ छापलेलं दिसतंय, पण माझ्याकडे ते असं आलं नाही. तुम्ही वर्डची फाइल पाठवलीत. उघडली तर पहिल्याच ओळीत इंग्रजी अक्षरं, मधे एक डॉलरची खूण, दोन कंस आणि एक उलटं प्रश्नचिन्ह. मग माळ्यावरून जुनी हार्डडिस्क काढली, तिच्यातून तुमच्या वळणाचा फाँट शोधला, तो बसवला, तेव्हा कुठं 'सर, खानापुरात' हे दोन शब्द दिसले. अर्धा तास गेला. तक्रार म्हणून सांगत नाही. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या अर्ध्या तासात आहे, पुढं येतोच त्याच्याकडं.

आधी 'बंद झालं' म्हणजे काय ते बघू. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला काढून घेतला. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही, पुढंही पडणार नाही. फक्त त्यात नवं भोक सापडलं तर ते बुजवायला आता कुणी येणार नाही. घरगुती वापराच्या संगणकांना नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंत वर्षभराची जादा मुदत दिलीय, पण ती मुदतच. दुकान तिच्यावर चालवू नये.

विंडोज ११ ला संगणकात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चीप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. म्हणजे साधारण २०१७ नंतरचा. तुमचा आय-थ्री आणि आय-फाइव्ह दोन्ही त्यात बसत नाहीत. लॅपटॉप मात्र बसायला हवा, आणि त्यातलं विंडोज १० अस्सल असल्यामुळं ११ वर जायला पैसे पडत नाहीत. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर जाऊन बघा, तिथं तसा निरोप दिसेल. तिघांतल्या एकाचा प्रश्न असा एक पैसा न घालता सुटला. हे तुमच्या काँप्युटरवाल्यानं सांगायला हवं होतं, पण त्याला दोन नवे विकायचे आहेत. असो.

जुन्या मशीनवर विंडोज ११ जबरदस्तीनं चढवण्याच्या युक्त्या यूट्यूबवर ढिगानं आहेत. चालतातही. पण अशा मशीनला पुढं अपडेट मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही. घरी खेळायला ठीक, गिऱ्हाईक समोर उभं असताना नको.

आता जरा अवघड बोलतो. "काँप्युटरवाल्यानं घालून दिलेलं" हे तुम्ही सहज लिहून गेलात. आपल्याकडं सगळेच असं लिहितात. मी वीस-बावीस वर्षं बेळगावात शहापूरला टायपिंगचा आणि मग काँप्युटरचा क्लास चालवला, त्यातली पहिली दहा वर्षं माझ्याकडंही घालून दिलेलंच होतं. त्यामुळं 'फुकट घेऊ की विकत' असा प्रश्न आपल्या भागात सहसा पडतच नाही. विंडोज इथं कायम फुकटच होतं की! लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी घालायची मुक्त प्रणाली, स्वस्त आहे हे इथल्या दुकानदाराला कधी पटलंच नाही, कारण त्याच्या लेखी दोन्हींची किंमत सारखीच होती, शून्य.

पैसे न देता घेतलेलं विंडोज अस्सल भासावं म्हणून क्रॅक घालतात. तो घालताना काँप्युटरवाला काय करतो, ते कधी शेजारी उभं राहून बघितलंय का? आधी अँटीव्हायरस बंद करतो. मग कुणी बनवला हे त्यालाही माहीत नसलेला एक प्रोग्रॅम चालवतो. मग अपडेट कायमचे बंद करतो, कारण अपडेट आला की क्रॅक उडतो. आणि अशा मशीनवर तुम्ही दिवसभर लोकांची आधार कार्डं, पासबुकं, जमिनीचे उतारे स्कॅन करता.

माझं झालं ते सांगतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर फिरला. त्याचा इलाज मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधी, मार्चमध्येच अपडेटमधून दिला होता. माझ्या क्लासातल्या दोन मशीनवर अपडेट बंद होते, मीच केलेले. त्या आठवड्यात नाही, पण त्याच पावसाळ्यात तसल्याच जातीचा दुसरा कुठला तरी व्हायरस घुसला आणि मुलांच्या दोन वर्षांच्या हजेऱ्या, मार्कलिस्टा, पावत्या, सगळ्या फाइलींना कुलूप लागलं. बॅकअप होता, पण त्याच मशीनच्या डी ड्राइव्हवर. दोष कुणाला देऊ? त्यानंतर दोन्ही मशीनवर लिनक्स आलं. विचार बदलला म्हणून नाही, कुलपाला घाबरून.

म्हणून पुतण्या म्हणतो ते मला पटतं, पण त्यानं दिलेलं कारण पटत नाही. एक रुपया खर्च नाही हे खोटं आहे. तुमचे चार-सहा दिवस जातील, ते तुमचेच. आणि दुसरं, पुतण्या शिकून झाला की बेंगळूरला नाहीतर पुण्याला जाणार. आपली पोरं राहतात का इथं? विंडोज बिघडलं तर खानापुरात दहा मिनिटांत माणूस मिळतो. लिनक्स बिघडलं तर तुम्ही त्याला व्हिडिओ कॉल लावणार, आणि तो मीटिंगमध्ये असणार. म्हणून तो इथं आहे तोवर त्याच्याकडून करवून घेऊ नका, शिकून घ्या. तो बाजूला बसेल, माउस तुमच्या हातात.

'मुक्त' आणि 'फुकट' हे दोन शब्द मराठीत वेगळे आहेत हे आपलं नशीब. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, 'फ्री', त्यामुळं तिकडची माणसं तो फरक आयुष्यभर समजावत बसली. अमेरिकेतले प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू ह्या मुक्त प्रणालीच्या प्रकल्पाची घोषणा केली तेव्हा मुद्दा पैशाचा नव्हताच. माझ्या मशीनवर चालणारा प्रोग्रॅम मला उघडून बघता, बदलता आणि दुसऱ्याला देता आला पाहिजे, हा होता. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं त्यात गाभा घातला, आणि आज तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड मोबाईलच्या तळाशी तोच गाभा चालतोय. म्हणजे लिनक्स तुम्ही आधीच वापरताय, मंगळावरची वस्तू नाही ती. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं ह्याच्यावरच शिकतात. पण दुकान चालवायला एवढा इतिहास पुरे.

आता वही घ्या. आठ दिवस दुकानात जे जे काम येईल ते एका ओळीत लिहा, आणि ते कशात केलं तेही. मी न बघता सांगतो, निम्म्याहून जास्त ओळी ब्राउझरच्या असतील: कर्नाटक सरकारच्या सेवासिंधू पोर्टलचे अर्ज, गृहलक्ष्मी योजनेची चौकशी, उतारा काढणं, निकाल, रेल्वेचं तिकीट, वीजबिल. ह्या सगळ्याला फायरफॉक्स नाहीतर क्रोम लागतं, आणि ते लिनक्सवर अगदी तसंच चालतं. पीडीएफ जोडणं, फोटो लहान करणं, स्कॅन, तेही जमतं. अर्ज-विनंत्या, बायोडेटा यांना लिब्रेऑफिस आहे. त्यात दुसऱ्याची वर्डची फाइल उघडली की कधीमधी मांडणी हलते, म्हणून गिऱ्हाइकाला देताना पीडीएफच द्यायची सवय लावा. पासपोर्ट फोटोला लोक गिम्प सुचवतील. काम होतं, पण ज्याचा हात फोटोशॉपवर बसलाय त्याला पहिला महिना वैताग येतो, हे खरं सांगतो.

न जमणाऱ्या ओळी कमी असतील, पण त्याच नडतात. हिशेबाचं टॅली विंडोजसाठी बनवलंय. डीटीपीच्या पेजमेकर आणि कोरलड्रॉ यांचंही तेच. वाइन नावाच्या सोयीतून काही विंडोज प्रोग्रॅम लिनक्सवर चालतात, पण दुकानाचं पोट त्याच्यावर ठेवू नका. आधारच्या अंगठ्याची यंत्रं बहुतेक विंडोज आणि अँड्रॉइड धरूनच बनवलेली असतात. आणि प्रिंटर! कॅननचा तो ठेंगणा एलबीपी २९०० असेल तर लिनक्सवर तो बसवताना पुतण्याला घाम फुटेल. एचपीचा १०२० असेल तर एक जादा प्लगइन उतरवून घ्यावं लागतं, मग मुकाट चालतो. त्यामुळं प्रिंटरच्या पाठीवरचा मॉडेल नंबर आधी बघा, बाकीचं नंतर.

आता तुमच्या पत्राकडं येतो.

वहिनी ज्या फाँटात टाइप करतात तो जुन्या पद्धतीचा आहे. त्या 'क' टाइप करतात तेव्हा संगणक आत 'क' साठवत नाही. तो एक इंग्रजी अक्षर किंवा खूण साठवतो, आणि फाँट त्या खुणेच्या जागी 'क' चं चित्र दाखवतो. अर्धा त, काना, वेलांटी, रफार, सगळे चित्राचे तुकडे. ज्याच्याकडं तोच फाँट नाही त्याला डॉलर आणि कंस दिसतात. मराठीला श्रीलिपी, कन्नडला नुडीच्या जुन्या आवृत्त्या, आपल्या सीमाभागातल्या प्रत्येक डीटीपीवाल्याच्या मशीनमध्ये हे दोन्ही संसार शेजारी शेजारी मांडलेले असतात. एकाच लग्नपत्रिकेत वर मराठी, खाली कन्नड, आणि मधे फाँट बदलायला विसरलं की अख्खी ओळ बिघडते. हे इचलकरंजीच्या माणसाला सांगून कळणार नाही.

तेव्हा तुम्हाला विंडोजनं बांधून ठेवलेलं नाही, ह्या फाँटांनी बांधलंय. पेजमेकरला युनिकोड, म्हणजे अक्षरं साठवायची नवी पद्धत, कळत नाही, म्हणून जुना फाँट हवा. जुना फाँट हवा म्हणून पेजमेकर हवा. त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, आली २००१ मध्ये. पंचवीस वर्षं होत आली! उद्या दोन लाखांचा नवा संगणक घेतलात तरी ही साखळी तशीच राहणार.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरीला वेगळी जागा, कन्नडला वेगळी. एकाच ओळीत दोन्ही लिहा, फाँट बदलायला नको. तीच ओळ उचलून व्हॉट्सअॅपवर टाका, गिऱ्हाईक तिथंच प्रूफ बघेल, दुकानात दोन फेऱ्या मारायला नकोत. पाच वर्षांपूर्वीची पत्रिका आडनावावरून शोधा, सापडते. आणि ती फाइल विंडोजवर, लिनक्सवर, मोबाईलवर सारखीच दिसते. हे एकदा केलंत की मग खाली कुठलं ऑपरेटिंग सिस्टीम आहे ह्याची फिकीर निम्म्यानं कमी होते.

जुन्या फाइली बदलून देणारी कन्व्हर्टर मिळतात, फुकटही. पण डोळे मिटून विश्वास ठेवू नका. जुन्या फाँटात अक्षरं जशी दिसतात त्या क्रमानं साठवलेली असतात. 'चिरंजीव' मधली पहिली वेलांटी च च्या आधी असते, युनिकोडमध्ये ती च च्या नंतर यावी लागते. रफाराचं उलट. त्यामुळं 'गोरज मुहूर्तावर' मधला रफार बदलताना शेजारच्या अक्षरावर उडी मारू शकतो, 'दऱ्या' चं 'दर्या' होऊ शकतं, आणि ज्येष्ठ चिरंजीवांचा ष कुठं गेला ते छापून आल्यावर कळतं. सगळ्या जुन्या फाइली बदलायच्याही नाहीत. ज्या पुन्हा लागतात तेवढ्याच: पत्रिकांचे नमुने, बिलबुकं, शाळांचे दाखले, ग्रामपंचायतीचे मसुदे. पन्नासेक निघतील. रोज दोन बदला.

वहिनींची भीती मात्र खरी आहे, तिला हसू नका. टायपिंग बोटांत असतं, डोक्यात नसतं. मी शेकडो मुलामुलींची बोटं बसवलीत, म्हणून सांगतो. त्यांनी टायपिंगची परीक्षा दिली असेल तर त्यांचा हात रेमिंग्टन ह्या कीबोर्डाच्या मांडणीवर असणार. लिनक्समध्ये आयबस आणि एम१७एन ह्या दोन गोष्टी बसवल्या की मराठी रेमिंग्टन मिळतो, टाइपरायटरची मांडणीही मिळते. कन्नडला नुडीची सवय असेल तर तीच केजीपी मांडणीही त्यात आहे. फाँट युनिकोडचा, हात जुनाच. दोन-चार जोडाक्षरं सोडली तर बोटांना फरक कळणार नाही.

तुम्ही स्वतः दोन बोटांनी शोधत शोधत टाइप करत असाल तर मात्र इनस्क्रिप्ट शिका. ही भारत सरकारची प्रमाण मांडणी, विंडोजमध्येही आणि लिनक्समध्येही आयतीच मिळते. तिची गंमत आपल्या भागाइतकी दुसऱ्या कुणाला कामाला येत नाही. इंग्रजी 'के' च्या बटनावर मराठीचा क आहे, आणि कन्नड निवडलं तर त्याच बटनावर कन्नडचा क. 'जे' वर दोन्हींचा र, 'एल' वर दोन्हींचा त. एकदा बोटं बसली की दोन लिप्या हातात येतात, नवं काही पाठ न करता. बेळगावच्या वादाला दिल्लीत अजून उत्तर सापडलेलं नाही, पण कीबोर्डाचं उत्तर कुणीतरी कधीच काढून ठेवलंय.

तर मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. लॅपटॉप विंडोज ११ वर नेला असता. टॅलीचं काही असेल तर ते, अंगठ्याचं यंत्र, आणि श्रीलिपी पैसे देऊन घेतलेली असेल तर ती, हे सगळं त्याच्यावर. डीटीपीचं मशीन हेच, आणि ते अस्सल. आय-थ्री मी काउंटरला लावला असता, त्यावर मिंट ह्या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. मिंटची २२ क्रमांकाची मालिका २०२९ पर्यंत अपडेट देणार आहे, आणि तेवढ्या जुन्या मशीनवर ती हलकी चालते. फक्त जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे तिच्याहून वेगवान डिस्क, बसवा. ह्या एका खर्चाला नाही म्हणू नका, मशीन ओळखू येणार नाही. रॅम चारची आठ झाली तर सोन्याहून पिवळं. आय-फाइव्ह लगेच हलवू नका. काउंटरचं मशीन दोन महिने नीट चाललं की मग त्यावरही मिंट. तोवर त्याच्यावर लोकांची कागदपत्रं ठेवू नका आणि बँकेचं काही उघडू नका.

पुतण्या एकाच मशीनवर दोन्ही घालू म्हणेल, चालू करताना निवडायचं. कॉलेजात ते छान दिसतं. दुकानात नको. समोर म्हातारी उतारा मागतेय आणि तुम्ही मशीन बंद करून परत चालू करताय. दोन डगरींवर पाय ठेवायचेच तर दोन मशीन वेगवेगळी ठेवावीत.

सुरुवात फॉरमॅट करून करू नका. पुतण्याला सांगा, मिंटची फाइल बेळगावातच उतरवून घे, जवळजवळ तीन जीबीची आहे, पावसात खानापूरच्या नेटवर ती संध्याकाळपर्यंत येणार नाही. रूफस नावाच्या प्रोग्रॅमनं पेनड्राइव्हवर चढवून आण. पेनड्राइव्हवरूनच मशीन चालू करता येतं, हार्डडिस्कला हात न लावता. तसं चालू करा आणि वहीतली एकेक ओळ करून बघा. प्रिंट येते का, स्कॅनर दिसतो का, सेवासिंधूवर फाइल चढते का. जे अडलं त्याच्यापुढं फुली. फुल्या तीनपेक्षा जास्त झाल्या तर पेनड्राइव्ह काढा, मशीन जसंच्या तसं आहे, कुणाचं काही बिघडलं नाही.

आणि पुढं कधी नवा संगणक घ्यायची वेळ आली तर 'डॉसवाला, म्हणजे विंडोज नसलेला आहे, तीन-चार हजार स्वस्त पडेल, विंडोज मी घालून देतो' असं कुणी म्हणालं तर काय करायचं ते आता तुम्हाला माहीत आहे. विंडोज हवं असेल तर मशीनबरोबरच घ्या, बिलावर लिहून घ्या. नको असेल तर डॉसवालाच घ्या आणि मिंट घाला.

बॅकअपबद्दल एकच: तो त्याच मशीनवर नसावा. माझ्या डी ड्राइव्हची आठवण ठेवा.

प्रिंटरचा मॉडेल नंबर कळवा, मग त्याचं नेमकं सांगतो. पुढचं पत्र वहिनींनी टाइप करावं, त्यांच्याच रेमिंग्टनवर, युनिकोडमध्ये. माळ्यावर परत चढायला माझे गुडघे तयार नाहीत.